कोंडाण्याच्या बलकाची सही आणि आजचं एनएफटी

मंडळी, कोंदिवड्यावरून वर चढून कोंडाणे लेण्यात आपण सगळेच कधी ना कधी गेलोय. पावसाळ्यात तर राजमाचीकडे जाणाऱ्यांची रीघच लागते. चैत्यगृहाची मोठी कमान, दगडात कोरलेलं पण लाकडासारखं दिसणारं काम, वरून पडणारी पाण्याची धार, हे फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतात. पण चैत्याच्या दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एक फुटलेलं मोठं शिल्प आहे. यक्षाचं मानतात. चेहरा गेलाय, डोईवरची सजावट तेवढी शिल्लक आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलीय. ती फार थोडे जण बघतात.

ओळ अशी आहे: ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा, म्हणजे कृष्णाचा, शिष्य बलक याने हे केलं.

एवढंच. कुठला राजा नाही, दान नाही, पुण्याचा हिशोब नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची ही गोष्ट. आपल्या तालुक्यातली ही सगळ्यात जुन्या सह्यांपैकी एक म्हणायला हरकत नाही, आणि त्यात गुरूचं नावसुद्धा आहे.

आज हे लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडची पोरं भारी कामं करायला लागलीत. ड्रोनने घाट टिपतात, टॅबवर चित्रं काढतात, फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या भिंती रंगवतात. आणि त्यांना सल्ले देणारेही बरेच भेटतात. ‘तुझं काम ब्लॉकचेनवर रजिस्टर कर, एनएफटी काढ, लाखात विकलं जाईल, शिवाय कॉपीराइटपण पक्का!’ यातली शेवटची गोष्ट तर साफ चुकीची आहे. कामावर नाव असणं, वहीत नोंद असणं आणि कामावर हक्क असणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या आसपासच्या डोंगरांत या तिन्हींचा इतिहास कोरून ठेवलाय. तो बघितला की एनएफटी समजायला सोपं जातं.

आधी एनएफटी म्हणजे काय ते साध्या शब्दांत. ब्लॉकचेन म्हणजे एक वही, जिच्या प्रती हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी असतात. नवी नोंद झाली की सगळ्या प्रतींत चढते. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो, त्यामुळे मागचं पान गुपचूप बदलता येत नाही. एनएफटी म्हणजे त्या वहीतली एक ओळ: अमुक नंबरचं टोकन अमुक खात्याकडे आहे. ही ओळ पहिल्यांदा चढवण्याला ‘मिंट’ करणं म्हणतात, म्हणजे टाकसाळीत नाणं पाडतात तसं. गंमत ही की बहुतेक वेळा चित्र त्या वहीत नसतंच. चित्र दुसरीकडे कुठेतरी साठवलेलं असतं, वहीत फक्त त्याचा पत्ता असतो.

आपल्याला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. कर्जत-खालापुरात जमिनीचे व्यवहार बघितलेल्या माणसाला सांगायला नको की सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. ती महसुली नोंद आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी निकालांत सांगितलंय. तरी फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, मंडळ अधिकारी सही करतो. एनएफटी मिंट करताना यातलं काहीच नाही. चित्र तुझं आहे का, असं वही विचारत नाही.

आता इतिहासाकडे येऊ.

बलकासारखी सही करणारे आणखीही होते. संभाजीनगर जिल्ह्यातल्या पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवल्याचं कोरलंय. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. घाट चढून वर गेलं की कार्ल्याच्या चैत्यात सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटाचा राहणारा. लेण्याच्या दाराचं काम त्याने केलं. याच कार्ल्यात खांबाखांबावर दान देणाऱ्यांची नावं आहेत, वैजयंतीच्या भूतपाल शेठीचा तर मोठा लेख आहे. म्हणजे पैसा कोणाचा आणि हात कोणाचा, हे दोन्ही वेगळं लिहायची पद्धत तेव्हाही होती. लेणं बलकाच्या मालकीचं नव्हतं. तो ते विकू शकत नव्हता, गहाण टाकू शकत नव्हता. पण ‘हे मी केलं’ एवढं सांगायचा मान त्याला मिळाला होता.

ही झाली सही. नोंद कशी असते ते बघायला नाशिकला जावं लागेल, पांडवलेण्यातल्या १० नंबरच्या लेण्यात. तिथे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, वर्ष ४२ चा. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुठे? गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २००० ठेवले, महिना शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर महिना शेकडा १ म्हणजे वर्षाला २४० होतात. लेखात म्हटलंय की वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यायचे. २० गुणिले १२, बरोबर २४०. हिशोब पैशाला पैसा जुळतो!

आणि मग लेखात आपल्या विषयाची ओळ येते. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात फलकावर नोंदवलं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे दगडावरचा लेख ही खरी नोंद नव्हती, ती नोंदीची जाहीर प्रत होती. खरी नोंद गावाच्या दप्तरात होती. व्यवहार सगळ्यांसमोर वाचला गेला होता. पैसे कोणाकडे आहेत हे गावाला माहीत होतं. उद्या विणकरांनी व्याज दिलं नाही तर जाब विचारायला माणसं होती.

आज काय उरलंय? दगडावरची प्रत उरली. विणकरांची श्रेणी गेली, निगमसभा गेली, ते दप्तर गेलं, ३००० कार्षापणही गेले. नोंद अक्षरन् अक्षर वाचता येते, पण तिच्या जोरावर आज कुणी एक पैसाही वसूल करू शकत नाही. नोंद कितीही पक्की असली तरी तिच्यामागे उभी राहणारी माणसं आणि संस्था असेपर्यंतच तिला किंमत असते. ‘ब्लॉकचेनवरची नोंद कायमची’ असं कोणी सांगितलं की हा उषवदात आठवायचा.

तिसरी गोष्ट हक्काची. त्यासाठी परत आपल्याच घाटमाथ्यावर, मळवलीला. राजा रविवर्माने १८९४ मध्ये मुंबईत चित्रं छापायचा कारखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती तिथून छापून घराघरात गेल्या. आपल्या आजी-पणजीच्या देवघरात जी चित्रं होती, त्यातली कितीतरी या प्रेसची. पण कारखाना कर्जात गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्माने तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकला. त्यासोबत चित्रं छापायचे हक्कही गेले. नीट बघा: मूळ तैलचित्र एखाद्या संस्थानिकाच्या राजवाड्यात, छापायचा हक्क श्लायशरकडे, छापील प्रत कर्जतच्या एखाद्या घरात आणि नाव सगळीकडे रविवर्माचं. एकाच चित्राच्या चार बाजू, चार ठिकाणी. प्रत विकत घेणाऱ्याला कधी वाटलं नाही की आपण चित्राचे मालक झालो. एनएफटी घेणाऱ्यांना मात्र तसं वाटायला लावलं गेलं.

एनएफटीचा स्वतःचा इतिहास छोटा आहे, पण बोलका आहे. २०१४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये केव्हिन मॅककॉय या कलाकाराने अनिल डॅश यांच्याबरोबर ‘क्वांटम’ नावाच्या आपल्या डिजिटल चित्राची नोंद नेमकॉइन नावाच्या ब्लॉकचेनवर केली. हेतू चांगला होता. इंटरनेटवर चित्रं फुकट फिरतात, कलाकाराचं नाव गळून पडतं, तर निदान मूळ कोणाचं याची नोंद राहावी. पण त्या वहीत नोंदीचं ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागायचं. ते झालं नाही, नोंद सुटली. २०२१ मध्ये बाजार तापल्यावर दुसऱ्याच कोणीतरी तीच नोंद आपल्या नावावर चढवली. त्याच वर्षी मॅककॉयने नव्याने मिंट केलेलं ‘क्वांटम’ सोदबीजच्या लिलावात सुमारे १४.७ लाख डॉलरला गेलं, आणि मग खरं कोणाचं यावरून कोर्टकचेरी झाली. २०२३ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. म्हणजे ज्याला पहिलं एनएफटी म्हणतात, त्याच्याच नोंदीवरून भांडण, आणि निकाल शेवटी वहीने नाही, न्यायाधीशाने दिला.

२०१७ मध्ये क्रिप्टोपंक्स आणि क्रिप्टोकिटीज आले. ११ मार्च २०२१ ला क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या कलाकाराचं डिजिटल चित्र ६.९३ कोटी डॉलरला गेलं आणि जग वेडं झालं. घेणारा विघ्नेश सुंदरेशन, तमिळ माणूस. एवढे पैसे मोजूनही चित्राचा कॉपीराइट बीपलकडेच राहिला. त्याच महिन्यात ट्विटरच्या जॅक डोर्सीचं पहिलं ट्विट २९ लाख डॉलरला विकलं गेलं. वर्षभराने घेणाऱ्याने ते परत विकायला काढलं तर बोल्या काही शे डॉलरभोवती घुटमळत राहिल्या. आपल्याकडे अमिताभ बच्चनपासून अनेकांनी हात धुवून घेतले.

मग एकेक भोक दिसायला लागलं. २०२२ च्या जानेवारीत ओपनसी या सगळ्यात मोठ्या बाजाराने स्वतःच सांगितलं की त्यांच्या फुकटच्या साधनाने मिंट झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त माल चोरलेला, बनावट किंवा कचरा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात एफटीएक्स हे क्रिप्टो एक्सचेंज बुडालं. तिथे मिंट झालेल्या टोकनांच्या नोंदी वहीत तशाच राहिल्या, पण चित्रं एफटीएक्सच्या सर्व्हरवर होती, ती दिसेनाशी झाली. नाशिकच्या लेखासारखंच झालं: ओळ आहे, ठेव नाही. फरक इतकाच की तिथे शेकडो वर्षं लागली, इथे थोडाच काळ.

कलाकारांना सगळ्यात जास्त भुरळ पडली होती ती रॉयल्टीची. तुमचं चित्र पुढे जितक्या वेळा विकलं जाईल तितक्या वेळा तुम्हाला टक्केवारी आपोआप मिळेल, असं सांगितलं जायचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ओपनसीने जाहीर केलं की यापुढे ही टक्केवारी सक्तीची नाही, विकणाऱ्याने द्यायची तर द्यावी. ‘आपोआप’चा असा निकाल लागला. ती वहीची करामत नव्हती, बाजार चालवणाऱ्याची मर्जी होती.

मग आपल्या पोरांनी काय करायचं? आधी आपला कायदा काय देतो ते बघा. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आपल्याकडे.

एक. काम तयार झालं त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. सरकारी कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करून नोंदणी करता येते. अर्जानंतर ३० दिवस हरकतीसाठी थांबावं लागतं. ही नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरली जाते. हा दर्जा कायद्याने एनएफटीला दिलेला नाही.

दोन, आणि हे फोटोग्राफर आणि भिंती रंगवणाऱ्यांनी नीट वाचा. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला किंवा चित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो, काढणारा नाही! म्हणजे लग्नाच्या ऑर्डरमधला फोटो तुम्ही काढलात म्हणून तो तुम्हाला एनएफटी करून विकता येईलच असं नाही. ऑर्डर घेतानाच एका कागदावर लिहून घ्या: कॉपीराइट कोणाकडे, कुठे वापरायचं, किती काळ.

तीन. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. नुसतं टोकन विकून हक्क जात नाही. हे घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावं.

चार. कलम ५७. कॉपीराइट विकून टाकला तरी ‘हे काम माझं आहे’ असं म्हणायचा हक्क कलाकाराकडेच राहतो, आणि कामाची नासधूस करून त्याच्या नावाला बट्टा लावला तर दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं मोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं. सरकारने पैसे देऊन करून घेतलेलं. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं. सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. बलकाला मिळालेला मान आपल्या कायद्यात हक्क म्हणून बसलाय.

पाच. रॉयल्टीचं म्हणाल तर कलम ५३अ आहे. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन १०,००० रुपयांच्या वर परत विकलं गेलं तर, कलाकार स्वतः पहिला कॉपीराइट मालक असेल तेव्हा, त्याला जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. १९९४ च्या दुरुस्तीने आलेली तरतूद आहे ही. किती चित्रकारांना माहीत आहे?

सहा. कर. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून असल्या डिजिटल मालमत्तेच्या विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही आहे. लाखाची स्वप्नं दाखवणारे हे सांगत नाहीत.

म्हणजे ब्लॉकचेन सगळं खोटं का? नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम प्रशासनाने हाती घेतलं. बनावट दाखल्यांना आळा बसावा म्हणून. तिथे या वहीचा उपयोग आहे. कारण दाखला आधी अधिकारी तपासतो, सही करतो, आणि मग त्यात कोणी खाडाखोड करू नये म्हणून वही राखण करते. तपासणारा माणूस आणि जाब देणारं कार्यालय मागे उभं आहे. वही खोटी नोंद ओळखू शकत नाही, झालेली नोंद फक्त सांभाळू शकते. आधी निगमसभा, मग फलक, हा क्रम आपल्या पूर्वजांना ठाऊक होता.

शेवटी आपल्या घरचं. तालुक्यातल्या कितीतरी रिसॉर्टच्या भिंतींवर वारली चित्रं दिसतात. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ती समाजाची कला म्हणून सरकारी नोंदवहीत आहे. पण भिंतीवर ते चित्र कोणी काढलं, याचा पत्ता नसतो. रोजंदारी देऊन काम करून घेतात, वर त्या भिंतीचे फोटो जाहिरातीत वापरतात. उद्या कोणी ते स्कॅन करून टोकन काढून विकलं तर त्या बाईला किंवा त्या पोराला कळणारही नाही. आणि दाद मागायची म्हटलं तर हे काम तिचंच होतं याचा पुरावा काय?

म्हणून रिसॉर्टवाल्यांना, फार्महाऊसवाल्यांना, ग्रामपंचायतींना आणि शाळांना एक मागणी आहे. भिंत रंगवून घेतलीत तर कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहू द्या. शिकवणारा कोणी असेल तर त्याचंही. एका कागदावर चार ओळींचा करार करा, एक प्रत त्याला द्या. काढणाऱ्यांनी काम चालू असतानाचे आणि पूर्ण झाल्याचे तारखेसकट फोटो ठेवावेत. मूळ फाइल कोणाला देऊ नका, छोटी प्रत द्या. कोणी ‘रजिस्टर करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर विचारा: कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कार्यालयात, आणि उद्या चोरी झाली तर उभा कोण राहणार? उत्तर नसेल तर पैसे खिशात ठेवा.

आणि पुढच्या वेळी कोंडाण्याला गेलात तर सेल्फीच्या आधी दोन मिनिटं चैत्याच्या डाव्या बाजूला थांबा. हात लावू नका, नाव कोरू नका, ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचं स्मारक आहे. पोराबाळांना ती ओळ दाखवा आणि बलक कोण होता ते सांगा.

ओळखीत कोणी चित्रकार, फोटोग्राफर, डिझाइन करणारं पोरगं असेल तर त्याला हे वाचायला द्या.